बार्लीतलं वर्तुळ

इंग्लंडातल्या विल्टशर परगण्यातल्या त्या गावात उन्हाळाभर बागांना पाणी घालायला बंदी होती. चोरून घालणाऱ्यांची नावं म्युरिएलबाई स्वतःहून वर कळवायच्या. पोकॉक आजोबांचे गुलाब त्यांच्याच चुगलीने वाळले.

विमानातून काढलेला गावाचा फोटो सकाळीच आला होता. तो सभागृहात लावून म्युरिएलबाई रुबाबात सांगत होत्या, "सगळं गाव करपलंय, पण बार्लीच्या शेतात हे वर्तुळ हिरवं आहे बघा. खाली बुजलेला खंदक आहे, त्यात ओल टिकते. मधे तीन हजार वर्षांपूर्वीचा कुणी राजा पुरलेला असणार. वरून काही लपत नाही."

पोकॉक आजोबा चष्मा पुसत फोटोपाशी गेले.

 

"बाई, तुमच्या घरामागेही एक हिरवागार चौकोन दिसतोय. तिथे कोण पुरलंय?"