रुमाल टाकलेल्या जागा

"जागा शिल्लक नाही," स्क्रीनने पुन्हा सांगितलं. सकाळपासून सतराव्यांदा.

त्या ऑफिसात घरांचे नकाशे काढणारी, साहेब धरून, अकरा माणसं होती, आणि नकाशाचं सॉफ्टवेअर एका वेळी दहाच जणांना उघडता यायचं. नव्याने लागलेल्या बाईचं नाव म्हणूनच 'अकरावी' पडलं होतं. चार दिवसांत तिने एक रेघ ओढली नव्हती. सकाळी साहेब बजावून गेले होते, "जिन्याचं ड्रॉइंग आज पाचपर्यंत हवं. नाहीतर सोमवारपासून येऊ नका."

जागाच मिळत नाही, असं ती म्हणाली तर त्यांनी विचारलं, "बाकीच्यांना कशी मिळते?"

कशी मिळते, ते तिला एव्हाना पाठ झालं होतं. आल्या आल्या, हातातला डबा ठेवायच्याही आधी, जो तो सॉफ्टवेअर उघडून ठेवायचा. बसच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं. मग चहा, फोन, गावगप्पा. हातावर हात धरून बसलेल्या बाईला दुसरं काम काय? तिने चार दिवस तासातासाला वहीत टिपून ठेवलं होतं: कोणाचं नुसतंच उघडं आहे आणि काम खरंच कोण करतंय. एका वेळी सहाच्या वर कधीच कोणी काम करत नव्हतं.

सव्वादोनला ती वही घेऊन सिस्टिम सांभाळणाऱ्या दादांच्या खोलीत गेली. ताकाला जाऊन भांडं लपवायचा तिचा स्वभावच नव्हता.

"ज्यांचं पान कोरं आहे त्यांना बाहेर काढा."

"आणि कोणाचं काम बुडालं म्हणजे?"

"केलंच नाही ते बुडेल कसं, दादा?"

दादांनी स्क्रीनवरची यादी वहीशी ताडून पाहिली. चार नावं निघाली. चौथ्यावर त्यांचा हात थबकला. "अहो, यात साहेब आहेत!"

"मग त्यांच्यापासूनच सुरू करा."

दादांना हसू आवरेना. मग त्यांनी एकेक करत चारही नावं काढून टाकली. आता आरडाओरडा होणार म्हणून दोघं दाराकडे कान लावून बसली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. कोणाच्या गावीही नव्हतं!

अकरावी आपल्या टेबलाकडे जवळजवळ धावलीच. पहिली रेघ उमटली तेव्हा तिला इतका आनंद झाला की ती एकटीच मोठ्याने हसली. मग पायरीमागून पायरी, मधलं वळण, कठडा. पाणी प्यायलाही ती उठली नाही.

पाचला पाच कमी असताना साहेब मागे येऊन उभे राहिले. जिना गच्चीपर्यंत पोचला होता.

"कोणाची जागा मिळाली?"

"तुमची, साहेब. रिकामीच होती."

सगळ्या ऑफिसने कान टवकारले. साहेब वाकून एकेक पायरी तपासत राहिले. चूक सापडावी असं त्यांना फार वाटत होतं. ती सापडली नाही.

"तुम्हाला हवी असेल तर उठते," ती म्हणाली.

"नको, नको," साहेब घाईघाईने म्हणाले, "बसा तुम्ही."