इंग्रजीनं नेलेले शब्द

मास्तरांच्या घरात मराठी शब्द तोंडातून निघाला, की पोरानं कान धरून उभं राहायचं. पोरगा इंग्रजीत पुढे जावा म्हणून आईसुद्धा त्याच्यावर इंग्रजीतूनच खेकसायची. पोरगा पुढे गेला. इतका, की मराठी पार मागे राहिली.

मग आई गेली, आणि वर्षभरात मास्तरांच्या मेंदूला झटका आला. जन्मभर शिकवलेली इंग्रजी पुसली गेली. उरली ती लहानपणची मराठी, जी मुलाला येत नव्हती.

बापलेकाचा संसार आता इंग्रजीनं आपल्याकडून उचलून नेलेल्या शब्दांवर चालला होता. "लूट हा शब्दसुद्धा लुटून नेला लेकांनी!" असं मास्तर पूर्वी वर्गात हसून सांगायचे. आता ते "खाट" म्हणाले, की मुलगा त्यांना आडवं करी. "पायजमा" म्हणाले, की तो बदलून देई. एकदा ते "मुंगूस" म्हणाले. मुलगा काठी घेऊन खाटेखाली शिरला. तिथं काही नव्हतं. मास्तरांना नुसतंच बोलावंसं वाटलं होतं.

एका संध्याकाळी मास्तरांनी मुलाला जवळ बसवलं. "चुकलो रे, बाळा. माफ कर मला." यातला एकही शब्द इंग्रजीनं नेलेला नव्हता. मुलाला काहीच कळलं नाही. मग मास्तरांनी हात उचलून स्वतःचा कान धरला.

हे मात्र मुलाला लगेच कळलं. तो मुकाट्यानं उठला आणि कान धरून उभा राहिला.