पहिल्या रांगेतल्या दोन आया

“तुमचं कोण आहे?” शेजारच्या बाईंनी संत्र्याच्या फोडी पुढे करत विचारलं.

“मुलगा,” फुमिए म्हणाली. “तुमचं?”

“मुलगाच.”

कोणत्या लढतीत, हे दोघींनीही विचारलं नाही. बरं दिसलं नसतं.

ते पुढच्याच लढतीला कळलं. एका बाजूने फुमिएचा र्‍योहेई आला, दुसऱ्या बाजूने शेजारच्या बाईंचा साकिमोतो, आणि दोघी एकदमच उठल्या. एकमेकींकडे बघून कमरेत वाकल्या.

“आमच्यामुळे तुम्हाला त्रास,” फुमिए तोंडातलं संत्रं कसंबसं गिळत म्हणाली.

“छे छे, त्रास आमचाच.”

“बस खाली,” नवरा कान्जी कुजबुजला. “लढत बघायला आलीस की माफी मागायला? आज हरला तर उद्यापासून दुकानात टोफू कापणार. शब्द दिलाय त्याने.”

“दिलाय कुठला? तुम्ही घेतलाय. दहा वर्षं मर मर मेहनत केलीय त्याने.”

दुसऱ्या फेरीत दोघं खाली कोसळले; या खेळात खाली पाडूनही ठोसे चालायचे. एक खाली, एक वर. वरचा ठोसे घालत होता, घाई न करता. खालच्याचा डोळा मिटला, ओठ फाटला.

“अहो, पंच झोपलाय का?”

“त्याचं काम त्याला करू दे.”

“आईला बघवेल का हे?”

“मग नको बघू.”

शेजारच्या बाई सालं मुठीत आवळून बसल्या होत्या. फुमिएला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोराला ज्युडोच्या वर्गात घातलं होतं तिनेच. का, तर दुकानात धिंगाणा घालतो म्हणून.

या खेळाचा एकच नियम तिला पाठ होता. खेळाडूच्या कोपऱ्यातून टॉवेल आत पडला, की तो हरला. तिची खुर्ची र्‍योहेईच्या कोपऱ्याला चिकटून होती, आणि गळ्यात त्याच्या नावाचा टॉवेल होता. दारातच विकत होते, सगळ्या चाहत्यांनी घेतला होता.

तिने तो फेकला.

घंटा वाजली. पंच हात हलवत मधे पडला.

“अगं, काय केलंस हे!” कान्जी ओरडला.

“मेलं असतं हो पोर!”

शेजारच्या बाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि ढसाढसा रडू लागल्या.

रिंगमध्ये र्‍योहेई साकिमोतोच्या छातीवर बसला होता, मूठ तशीच उगारलेली, आणि खांद्यावर येऊन पडलेल्या टॉवेलवरचं स्वतःचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होता.