ओठांवाचून

कुमारनं पेटीतून लाकडी बाहुला काढून मांडीवर बसवला, तसा श्रीपतरावांनी तोंडावरचा रुमाल नाकापर्यंत ओढला. बाहुल्यानं गर्रकन मान वळवली आणि विचारलं, "काका, पाव्हण्याला च्या बी न्हाय व्हय?" कुमारचे ओठ जागचे हलले नव्हते. आत चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या बायकोला, सुमनबाईंना, हसू फुटलं. श्रीपतरावांचं मात्र डोकं फिरलं.

फिरण्यासारखंच होतं. बार्शीला कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्यात खालचा ओठ गेला. डॉक्टरांनी मांडीचं कातडं लावून तोंड नीट केलं, जीव वाचला, पण ओठाला ओठ लागेना. बाकीची अक्षरं एकेक करून परत आली. प, फ, ब, भ, म तेवढी रुसून बसली ती बसलीच. ज्या कंडक्टरनं जन्मभर एस.टी.च्या दारात उभं राहून 'परंडा, बार्शी, भूम' असा पुकारा केला, त्याच्यावर ही पाळी. त्याहून जिव्हारी लागायचं ते वेगळंच. गल्लीत कुणी 'जय भीम' केला की यांच्या तोंडून 'जय' एवढंच निघायचं, पुढं नुसती हवा. मग त्यांनी गल्लीत जाणंच सोडून दिलं.

एका संस्थेनं या आजारातून उठलेल्या माणसांना एकेक कलाकार जोडून दिला होता. कुणाला चित्रकार मिळाला, कुणाला बासरीवाला. श्रीपतरावांच्या वाट्याला आला भूमचा हा बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा. दुष्काळात तेरावा महिना तो हाच, असं त्यांना वाटलं.

"हसायला आलास का रं?" त्यांनी रुमालाआडून विचारलं.

कुमारनं बाहुला खाली ठेवला. "काका, ह्याचं नाव बब्या. दर खेळात हा सवताचं नाव शंभरदा सांगतो, आन् ओठ मिटायची मला बंदी. ब तोंडानं म्हणायचाच न्हाय. ब मनात धरायचा आन् जीभ दाताच्या मागं टेकवायची. उरलेलं ऐकणारा भरून घेतो."

श्रीपतरावांनी रुमाल काही खाली केला नाही, पण त्या दिवशी कुमारला चहा मिळाला.

खरी अडचण पुढंच होती. श्रावस्तीचं, त्यांच्या धाकट्या लेकीचं, लग्न ठरलं होतं. गावातल्या लग्नांत त्रिसरण-पंचशील द्यायचं ते श्रीपतरावांनीच, असा रिवाज पडून गेलेला. आता घरच्याच लग्नात येडशीहून दुसरे कुणी उपासक बोलवावेत, असं त्यांनी घरात खुणेनं सुचवलं. श्रावस्ती हट्टाला पेटली. बाबा वंदना घेणार नसतील तर मी हारच घालणार नाही, असं तिनं साफ सांगितलं. लेक बापाच्या वळणावर गेली होती, बोलणार कोण?

कुमार दर बाजारच्या दिवशी यायला लागला. शिकवणी एस.टी.च्या थांब्यांवरच सुरू झाली. आधी परंडा लागला. मग बार्शी लागली, जराशी बोबडी, पण लागली. भूमनं दमवलं. 'बुद्धं सरणं' मात्र सुमनबाईंपुढं सरळ निघायचं आणि दारात परक्याची चाहूल लागली की घशातच बसायचं. ओठ नसल्याचं दुःख एक, आणि लोक हसतील ही धास्ती दुसरी. ही दुसरी फार चिवट होती.

लग्न तोंडावर आलं तसा श्रीपतरावांचा धीर सुटला. त्यांनी कुमारला एकट्याला गाठलं. वंदनेचे शब्द ऐकून ऐकून त्यालाही पाठ झालेच होते.

"तूच सांग तिथं," ते म्हणाले. "आड राहून."

कुमारनं बाहुला पेटीत ठेवला. मग कबूल झाला. लग्नात बुद्धमूर्तीच्या मागं पडदा असतोच, त्याच्या आड तो बसणार होता. अट एकच घातली, की काकांनीही सगळं म्हणायचं, पोटातून, मोठ्यानं. नरडं हललं नाही तर लोक ओळखतील.

लग्नाच्या दिवशी मांडव भरून गेला. श्रीपतरावांनी रुमाल काढून खिशात ठेवला आणि मूर्तीपुढं हात जोडले. समोर माणसांचा समुद्र, पण आज ती धास्ती नव्हती. पाठीशी कुमार होता, भ्यायचं कशाला? त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

आवाज आला. स्वच्छ, खणखणीत. 'बुद्धं' आलं, 'धम्मं' आलं, 'संघं' आलं. सगळा मांडव मागून म्हणू लागला. श्रावस्तीच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि ती हसत होती. पंचशील संपलं, 'साधु साधु' झालं, आणि म्हातारीकोतारी माणसं श्रीपतरावांच्या हाताला हात लावायला पुढं आली.

श्रीपतरावांना आनंद झाला आणि बारीकशी कळही आली. काही झालं तरी आवाज उसना होता. पण पोरानं लाज राखली, त्याला आधी भेटलं पाहिजे, म्हणून ते पडद्यामागं गेले. कुमार गाल फुगवून बसला होता. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डोळे भरून आले होते.

"कुमार, तुझ्या आवाजानं आज मला तारलं रं," ते म्हणाले. सगळी अक्षरं कशी जागच्या जागी आली, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

कुमारनं हातानं थांबा म्हणून खुणावलं, उठून मांडवाच्या कडेला गेला आणि भडाभडा चूळ टाकली.

"काका," तोंड पुसत तो म्हणाला, "पहिल्या 'नमो'पासनं माझ्या तोंडात पाणी हाय."