रिकाम्या काट्यावरचं वजन

आमच्या सुनेला, संघमित्राला, शिक्षणाचा लई तोरा. नेवाशाच्या दूध केंद्रात कॉम्प्युटरपुढे बसली की जेवायला हाक मारली तरी मान वळवत नाही. कॉम्प्युटरची हिशेब करणारी भाषा सोपी, पण त्या भाषेला वजनकाट्याशी बोलता येत नाही. म्हणून मधला दुवा ही सी नावाच्या दुसऱ्या भाषेत लिहिते. एवढं मलाही कळतं.

परवा दुवा जुळला. दुधाची किटली ठेवली, वजन बरोबर आलं. किटली उतरवली, तरी पडद्यावर तीन किलो राहिले.

"माझंच काहीतरी चुकलंय, आत्याबाई."

आज तिनं काट्याची वायरच काढली. आकडा गेला नाही, उलट वाढला होता. अंगावर पिणाऱ्या बाळाचं वजन वाढावं तेवढाच.

दिवाळीत तिची लेक बारशाआधीच गेली. पान्हा अजून आटलेला नाही.

"तेवढं वजन वजा करायची ओळ लिहिते," ती म्हणाली. "उद्या तपासणीला साहेब येणार, रिकामा काटा शून्य दिसला पाहिजे." पण बोटं हलेनात.

तेवढ्यात आकडा खालीवर होऊ लागला. काट्यावर काही जिवंत हातपाय झाडतं, तेव्हाच तो असा हलतो.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "साहेबाला मी बघते. एकदा वजा झाली ती, पोरी. आता न्हाई करायची."