आईच्या आवाजाची प्रत

घशाच्या ऑपरेशनने बोलणं जाणार म्हणून आईने आधीच आपला आवाज हार्डडिस्कवर रेकॉर्ड करून ठेवला. पुढे ती हार्डडिस्क कुरकुरायला लागली, तेव्हा मी शहाण्याने लिनक्सवर तिची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलीत प्रत, काढली. "वाचता येणार नाही तिथे शून्यं भर, थांबू नकोस," असा हुकूम मशीनला सोडला. फाइल डिस्कएवढीच भरली, म्हणून निर्धास्तपणे डिस्क भंगारात दिली. आज आईने पाटीवर लिहिलं, 'ऐकव.' मी इमेज माउंट करून उघडली. फाइली जागच्या जागी होत्या, नावं तिनेच दिलेली: 'जेवायला हाक', 'ह्यांच्यावर ओरडताना', 'नुसतं हसणं'. एकेक बाहेर काढून हेडफोनवर लावली. स्क्रीनवर पट्टी सरकत होती, आवाज नव्हता. फाइलींच्या पोटात माझीच शून्यं होती. हेडफोन काढायचा धीर होईना. सरकत्या पट्टीकडे बघून आईचा चेहरा खुलला. तिने पाटी पुसली आणि लिहिलं, 'काय म्हणतेय मी?'