बायकांची कपार

ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या पवित्र खडकाच्या पायथ्याशी ती कपार आली, की तिथला आदिवासी वाटाड्या रुपर्ट मान फिरवायचा. तिची कथा बायकांची. पुरुषांनी ऐकायची नाही. “चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला कधी विचारलं नाहीत?” एका पाहुणीनं छेडलं. “हजारदा! म्हणायची, ‘गप बस, म्हाताऱ्या, सरपण आण.’” सगळे हसले. रुपर्टला हसू आलं नाही. बायको गेल्या थंडीत अचानक वारली. नातीला कथा सांगायची राहिली असेल, तर तिच्याबरोबरच संपली. आणि हे नातीला विचारणंही पुरुषाला शोभत नव्हतं. पाहुणी शेजारी उभ्या नातीकडे वळली. “तुला तरी ठाऊक आहे का गं?” “आजीनं सगळी सांगितलीय. पण परक्यांना सांगायची नाही, आणि आजोबांना तर मुळीच नाही. आजोबा, कान कसले टवकारताय? व्हा पुढे!” “मी कुठे काय ऐकलं?” म्हणत रुपर्ट इतका झपाझप निघाला, की पाहुण्यांना पळावं लागलं.